विश्लेषण : बँकेतून कापले जाणारे २० रुपये रुग्णालयाचे बिल भरतात का? पूरक विमा आणि पूर्ण आरोग्य विमा यांत फरक काय?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा रायगडच्या किनाऱ्यावर धावपळीचा असतो. १ जूनपासून मासेमारी बंदी लागू होते, त्यामुळे करंजा, रेवस, आगरदांडा, जीवना या बंदरांत होड्या किनाऱ्याला घेण्याची लगबग सुरू असते. याच दिवसांत मोबाइलवर बँकेचे दोन मेसेज येतात. एकात खात्यातून २० रुपये कापल्याचे लिहिलेले असते, तर दुसऱ्यात ४३६ रुपये कापल्याचे. दोन्ही मेसेजमध्ये ‘विमा’ हा शब्द असतो आणि घरात समज पक्का होतो, की आपला विमा आहे.

विमा आहे हे खरे, पण तो कशाचा आहे? घरातले कोणी आजारी पडले, तर रुग्णालयाच्या काउंटरवर या दोन्ही योजनांतून एक रुपयाही मिळत नाही. हा फरक अनेकदा रुग्ण दाखल झाल्यावरच कळतो आणि तेव्हा दागिने गहाण टाकणे किंवा होडीवर कर्ज काढणे एवढेच पर्याय हाती उरतात. म्हणूनच मर्यादित, पूरक विमा आणि पूर्ण आरोग्य विमा यांतील फरक आधीच समजून घेणे गरजेचे आहे.

२० रुपये आणि ४३६ रुपयांत नेमके काय मिळते?

२० रुपयांची योजना म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ९ मे २०१५ रोजी तिची सुरुवात झाली, तेव्हा हप्ता १२ रुपये होता. १ जून २०२२ पासून तो २० रुपये झाला. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला यातून अपघाताचे संरक्षण मिळते. अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे निकामी झाले तर दोन लाख रुपये मिळतात. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर एक लाख रुपये.

यादी इथेच संपते. पाय मोडला, शस्त्रक्रियेत सळी टाकावी लागली, तीन महिने काम बंद राहिले आणि पाय पुन्हा पूर्ववत झाला, तर या योजनेतून काहीही मिळत नाही. उपचाराचा खर्च हा या योजनेचा विषयच नाही.

४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना हा आयुर्विमा आहे. १८ ते ५० या वयात त्यात सहभागी होता येते. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला दोन लाख रुपये मिळतात, मात्र नव्याने सहभागी झाल्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांत केवळ अपघाती मृत्यूच ग्राह्य धरला जातो. माणूस हयात असताना या योजनेचा आर्थिक उपयोग नाही.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन बँकांच्या खात्यांतून २०-२० रुपये कापले गेले, म्हणून भरपाई चार लाख होत नाही. ती दोन लाखच राहते आणि जादा भरलेला हप्ता जप्त होऊ शकतो. उलट, मेअखेरीस खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि संरक्षण खंडित होते.

‘अपघात’ कशाला म्हणतात?

विम्याच्या भाषेत अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षितपणे आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या कारणाने घडलेली घटना. वाडीत नारळाच्या झाडावरून पडणे, सर्पदंश, समुद्रात बुडणे, वादळात घर कोसळणे या घटना त्यात मोडतात. होडीवर काम करता करता आलेला हृदयविकाराचा झटका मात्र मोडत नाही. घटना समुद्रात घडली, अचानक घडली, तरी कारण शरीराच्या आतले आहे, म्हणून तो आजार ठरतो. पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, मलेरिया यांनाही हाच नियम लागू होतो.

कागदपत्रांचा भागही महत्त्वाचा आहे. रस्ता किंवा रेल्वे अपघात आणि बुडून मृत्यू यांसारख्या घटनांची पोलिसांत नोंद हवी. सर्पदंश किंवा झाडावरून पडण्यासारख्या घटनांत लगेच घेतलेल्या रुग्णालयातील नोंदीचा आधार लागतो. म्हणून सर्पदंशानंतर रुग्णाला थेट सरकारी दवाखान्यात नेणे जिवासाठी तर आवश्यक आहेच, दाव्यासाठीही आहे.

मच्छिमारांचा वेगळा विमा पुरेसा आहे का?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेअंतर्गत मच्छिमारांसाठी सामूहिक अपघात विमा आहे. १८ ते ७० वर्षे वयोगटासाठी असलेल्या या विम्याचा हप्ता सरकार भरते, मच्छिमाराला काही द्यावे लागत नाही. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख आणि अपघातामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास २५ हजार रुपये, असे त्याचे स्वरूप आहे.

सुरक्षा विम्यापेक्षा हे संरक्षण नक्कीच मोठे आहे आणि प्रत्येक खलाशाची त्यात नोंद असायलाच हवी. तरीही रुग्णालयाच्या खर्चासाठी त्यात २५ हजारांचीच सोय आहे आणि तीही फक्त अपघातासाठी. खलाशाचा मधुमेह, तांडेलाचा हृदयविकार, घरच्या बाईचे गर्भाशयाचे ऑपरेशन यांतले काहीच यात बसत नाही.

मग पूर्ण आरोग्य विमा कशाला म्हणायचे?

फरक ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : ही पॉलिसी ठरलेली रक्कम देते, की प्रत्यक्ष बिल भरते?

ठरलेली घटना घडली की ठरलेली रक्कम देणारा विमा हा ‘लाभ’ देणारा विमा असतो. बिल दहा हजारांचे असो वा दहा लाखांचे, रक्कम बदलत नाही. दुसऱ्या प्रकारात विमा कंपनी विमा रकमेच्या मर्यादेत उपचाराचा प्रत्यक्ष खर्च उचलते. त्यात खोलीचे भाडे, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, औषधे, तपासण्या आणि बहुतेक पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीचा व घरी आल्यानंतरचा काही दिवसांचा खर्चही येतो. आजार असो वा अपघात, दोन्हींसाठी हे संरक्षण लागू असते. सर्वसाधारण बोलीत ‘मेडिक्लेम’ म्हणतात तो हाच.

करोनाकाळात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे राहिले होते. जुलै २०२० मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने दोन प्रमाणित पॉलिसी आणायला लावल्या. ‘करोना कवच’ रुग्णालयाचे बिल भरत असे. ‘करोना रक्षक’मध्ये करोनामुळे किमान ७२ तास रुग्णालयात राहावे लागले तर विम्याची सर्व रक्कम एकदम हाती पडत असे, पण ७२ तासांच्या आत घरी सोडले तर काहीच मिळत नसे. आजार एकच, नावे सारखी वाटणारी, पण वचन वेगळे.

एकाच बिलाचा हिशेब

समजा, श्रीवर्धनच्या एका खलाशाला होडीवर छातीत दुखू लागले. त्याला पनवेलच्या खासगी रुग्णालयात नेले, तिथे अँजिओप्लास्टी झाली, सात दिवस मुक्काम पडला आणि बिल तीन लाख रुपये झाले. कोणता विमा किती देईल?

• सुरक्षा विमा (२० रुपये) : शून्य. हा अपघात नाही.

• जीवन ज्योती (४३६ रुपये) : शून्य. रुग्ण बरा होऊन घरी आला.

• मच्छिमारांचा सामूहिक अपघात विमा : शून्य. कारण आजाराचे आहे.

• दिवसाला एक हजार रुपये देणारी ‘हॉस्पिटल कॅश’ पॉलिसी : पहिला दिवस वगळण्याची अट असेल तर सहा हजार रुपये.

• पाच लाखांची, पाच टक्के वाटा रुग्णाने उचलायची अट असलेली पूर्ण पॉलिसी : बिलातील १५ हजार रुपये हातमोजे, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या बाबींचे धरले, तर उरतात २ लाख ८५ हजार. त्यातून पाच टक्के म्हणजे १४ हजार २५० वजा केले, की कंपनी २ लाख ७० हजार ७५० रुपये भरते. घरच्यांच्या खिशातून जातात २९ हजार २५० रुपये.

हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, पण त्यातले अंतर खरे आहे. चार ‘विमे’ असूनही कुटुंबाच्या हाती सहा हजार आणि एकच योग्य पॉलिसी असेल तर पावणेतीन लाखांच्या आसपास.

हॉस्पिटल कॅश, गंभीर आजार, टॉप-अप : या पॉलिसी फसव्या आहेत का?

नाहीत. त्या पूरक आहेत आणि त्यांचे काम वेगळे आहे. हॉस्पिटल कॅशचे पैसे बिलाशी जोडलेले नसल्याने नातेवाइकांचा प्रवास, जेवणखाण, बुडालेली मजुरी यांसाठी ते वापरता येतात. मुरूड किंवा श्रीवर्धनहून पनवेल-मुंबईला रुग्ण न्यावा लागतो तेव्हा हा खर्च लहान नसतो. शिवाय लाभ देणाऱ्या पॉलिसीचे पैसे पूर्ण आरोग्य विम्याशिवाय वेगळे मिळतात. बिल भरणाऱ्या पॉलिसी मात्र कितीही असल्या तरी बिलापेक्षा जास्त पैसे देत नाहीत.

गंभीर आजाराची पॉलिसी यादीतल्या आजाराचे निदान झाले की एकरकमी पैसे देते. पण त्या यादीतील प्रत्येक आजाराची व्याख्या काटेकोर असते. उदाहरणार्थ, छाती उघडून केलेली बायपास शस्त्रक्रिया यादीत असते, पण त्या व्याख्येत अँजिओप्लास्टी बसत नाही. निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस हयात असावा, अशीही अट बहुधा असते.

टॉप-अप पॉलिसी स्वस्त दिसते, कारण तिला उंबरठा असतो. पाच लाखांच्या उंबरठ्याची टॉप-अप घेतली तर पाच लाखांपर्यंतच्या बिलावर ती काहीच देत नाही, त्यावरचाच खर्च भरते. ‘२० लाखांचे संरक्षण, हप्ता अगदी कमी’ या जाहिरातीतला उंबरठ्याचा आकडा म्हणून आधी पाहायला हवा.

गडबड होते ती या पॉलिसी मुख्य विमा म्हणून घेतल्या किंवा विकल्या जातात तेव्हा.

रायगडकरांकडे पूर्ण संरक्षण कोणते आहे?

पहिले उत्तर घरातल्या शिधापत्रिकेत आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा पाच लाख झाली आणि पिवळ्या, केशरी शिधापत्रिकेबरोबर पांढऱ्या शिधापत्रिकेचाही समावेश झाला. याच निर्णयात १,३५६ उपचारांचा अंतर्भाव होता.

ही योजना अपघात विम्यासारखी ठरलेली रक्कम हातात देत नाही. ती उपचाराचा खर्च थेट रुग्णालयाला देते. म्हणून ती पूर्ण आरोग्य विम्याच्या बाजूची आहे. वरच्या उदाहरणातला खलाशी योजनेच्या यादीतील रुग्णालयात गेला असता आणि मंजुरी मिळाली असती, तर त्या उपचाराचे बिल त्याला भरावे लागले नसते.

मर्यादा मात्र तिलाही आहेत. उपचार यादीतल्याच रुग्णालयात घ्यावे लागतात आणि आजार यादीतल्या उपचारांत बसावा लागतो. बाह्यरुग्ण विभागातल्या रोजच्या तपासण्या आणि महिन्याची औषधे त्यात येत नाहीत. म्हणून रुग्णाला हलवण्यापूर्वी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर फोन करून ‘हे रुग्णालय योजनेत आहे का आणि या आजारासाठी आहे का’ हे दोन्ही प्रश्न विचारावेत. रुग्णालयात पोहोचल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठावे. तातडीच्या प्रसंगी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे.

ज्येष्ठांसाठी दुसरे दार ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडले. आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. त्यासाठी आधारच्या आधारे वयवंदना कार्ड काढावे लागते. मुले मुंबईत आणि आई-वडील गावी, असे घर किनाऱ्यावर जागोजागी आढळते. गणपतीला गावी आल्यावर हे कार्ड काढून ठेवणे हे तासाभराचे काम आहे.

तिसरे, कारखान्यांतील कामगार. रोहा, नागोठणे, पाताळगंगा पट्ट्यात कामाला जाणाऱ्या ज्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे आणि ज्यांचे वेतन महिन्याला २१ हजारांपर्यंत आहे, त्यांच्या वेतनातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. यात कामगारासह कुटुंबाच्या उपचारांची सोय आहे आणि बाह्यरुग्ण विभागही येतो. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्यांनी आपली नोंद खरोखर झाली आहे ना, हे विमा क्रमांक मागून तपासावे.

खासगी पॉलिसी घेताना काय पाहायचे?

पूर्ण म्हटल्या जाणाऱ्या पॉलिसीतही चाळण्या असतात. घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, प्रतीक्षा कालावधी. अपघात वगळता पहिल्या ३० दिवसांतील आजारांचे दावे साधारणपणे मिळत नाहीत. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त तीन वर्षे असू शकतो. म्हणजे शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यावर घेतलेल्या पॉलिसीचा उपयोग होत नाही.

दुसरी, खोलीच्या भाड्याची मर्यादा. मर्यादा दिवसाला चार हजार असताना आठ हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातले चार हजार जात नाहीत. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा आकार अशा खोलीच्या दर्जानुसार वाढणाऱ्या खर्चातही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते.

तिसरी, रुग्णाने उचलायचा वाटा आणि आजारनिहाय मर्यादा. मोतीबिंदूसाठी बहुतेक ठिकाणी वेगळी मर्यादा असते.

चौथी, खरी माहिती. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी हात सोडते. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पण पहिली पाच वर्षे धोक्याचीच.

पॉलिसी हाती आल्यावर पसंत पडली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. तक्रारीसाठी विमा नियामकाची १५५२५५ ही हेल्पलाइन आहे आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

बाहेरच्या देशांत हा गोंधळ नाही का?

आहे. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याने वैयक्तिक आरोग्य विम्यात रुग्णालय, बाळंतपण, मानसिक आरोग्य, औषधे अशा दहा गटांतील सेवा बंधनकारक केल्या. पण दिवसाला ठरावीक रक्कम देणाऱ्या किंवा केवळ एका आजारापुरत्या पॉलिसी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्या स्वस्त असल्याने विकल्या जातात आणि आजारपणात अपुऱ्या पडतात. म्हणजे ग्राहक कमी शिकलेला असतो म्हणून फसतो, असे नाही. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिले की शिकलेलाही फसतो.

मग २० रुपयांचा विमा बंद करायचा का?

मुळीच नाही. घरातला कमावता माणूस समुद्रावर जातो, झाडावर चढतो किंवा मुंबई-गोवा महामार्गावरून रोज दुचाकीने प्रवास करतो, तेव्हा २० रुपयांत दोन लाखांचे अपघात संरक्षण सोडण्यात शहाणपणा नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड, मग जमेल तशी बिल भरणारी पॉलिसी, त्यानंतर अपघात विमा, हॉस्पिटल कॅश, टॉप-अप. पाया न घालता छपराची कौले विकत घेण्यात अर्थ नाही.

हा क्रम लोकांना समजावण्याची जबाबदारी केवळ ग्राहकावर ढकलून चालणार नाही. खात्यातून पैसे कापण्याची संमती घेताना बँकेने एक ओळ मराठीत ठळक छापावी : ‘हा आरोग्य विमा नाही, यातून रुग्णालयाचा खर्च मिळणार नाही.’ मच्छिमार सोसायट्या आणि ग्रामपंचायतींकडे तर उत्तम मुहूर्त आहे. बंदीच्या दोन महिन्यांत खलाशी घरी असतात, सोसायटीत येणे-जाणे असते. त्याच काळात प्रत्येक गावात एक दिवस शिधापत्रिका, आधार आणि आयुष्मान कार्ड तपासण्याचे शिबिर लावले, योजनेतील जवळच्या रुग्णालयांची यादी सोसायटीच्या फळ्यावर चिकटवली, तर त्यासाठी नव्या योजनेची वा मोठ्या निधीची गरज नाही.

तोवर प्रत्येक घराने एवढे तरी करावे. मोबाइलमधले बँकेचे मेसेज आणि कपाटातली पॉलिसीची कागदे एकत्र काढावीत आणि प्रत्येक कागदावर पेनाने लिहावे : ‘रक्कम देते’ की ‘बिल भरते’. ‘बिल भरते’ असे एकाही कागदावर लिहिता आले नाही, तर त्या घराकडे आरोग्य विमा नाही, हप्ते कितीही भरले जात असले तरी.